फळी आली तेव्हा

महाराष्ट्राची 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 26 जानेवारी 2014 रोजी सुरू झाली. टप्प्याटप्प्याने 937 गाड्या राज्यभर उभ्या राहिल्या. त्यांतल्या 233 गाड्यांत व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधने होती, उरलेल्या 704 साध्या. पण प्रत्येक गाडीत ड्रायव्हरबरोबर एक डॉक्टर होता, आणि सगळ्यांची सूत्रे पुण्याला औंध उरो रुग्णालयाच्या आवारातून हलत. बारामती–इंदापूर रस्त्यावरच्या सणसरसारख्या गावाला या आकड्यांचा अर्थ सरळ होता. तोवर रस्त्यावर पडलेला माणूस जी पहिली जीप, टेम्पो किंवा पिकअप थांबेल तिच्यात चढवला जाई. आता फोन केला की सामानसुमानासह एक गाडी येणार होती. अशा गाडीच्या सामानात माणसाच्या उंचीची, दोन्ही कडांना हात घालायला खाचा असलेली एक कडक फळी असते. तिचे नाव स्पाइन बोर्ड. मणका मोडल्याचा संशय आला की जखमीला तिच्यावर घ्यायचे, पट्ट्यांनी आवळायचे, मानेला कॉलर लावायची आणि मग गाडी हलवायची, अशी शिकवण.

मुहूर्त मात्र विचित्र होता. आदल्याच वर्षी, 2013 मध्ये, अमेरिकेतल्या रुग्णवाहिका-सेवेच्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना आणि तिथल्या सर्जन मंडळाची अपघात समिती यांनी एक संयुक्त निवेदन काढले होते. त्यांचे म्हणणे होते की या फळीचा फायदा पुराव्याने सिद्ध झालेला नाही, तोटे मात्र दिसतात. म्हणून ती निवडक जखमींसाठीच वापरावी आणि जितका कमी वेळ वापरता येईल तितका कमी. म्हणजे फळी आमच्या रस्त्यावर पोहोचली तेव्हा तिच्या माहेरी तिची पत उतरू लागली होती.

मग आम्हाला मिळाले ते शिळे ज्ञान होते का? तसे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण मोडलेल्या पाठीचा माणूस शंभर-सव्वाशे वर्षांत कसकसा वाहून नेला गेला, हा सगळा प्रवास पाहिला तर उत्तर निराळे निघते.

आधी भीती कशाची, ते पाहू. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा जाड मज्जारज्जू मेंदूपासून कमरेपर्यंत उतरतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. तो मानेत दुखावला तर हातपाय जातात, मानेच्या वरच्या भागात दुखावला तर श्वासही. पाठीत दुखावला तर पाय जातात, आणि पायांबरोबर लघवी-संडासचा ताबा. दुखावलेला मज्जारज्जू हाडासारखा पुन्हा सांधत नाही. डॉक्टरांना शतकभर छळणारी शंका ही की हाड मोडले आहे, रज्जू अजून शाबूत आहे, आणि उचलणाऱ्याच्या हातून शरीर वाकले म्हणून तो चेपला, तर? ज्याने जीव वाचवायला हात लावला, त्याच्याच हातून तो माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळायचा.

मोडलेले अंग हलू द्यायचे नाही, ही समज जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नावर, म्हणजे मोडलेल्या हाडांवर, एक अध्याय आहे. मांडी, पोटरी, कंबर, पाठीचा कणा अशी अंगे मोडली असता रुग्णाला दाराच्या फळीसारख्या सपाट पाटावर निजवून, बाजूंना खुंट्या ठोकून जखडून ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. त्या उपचाराला कपाटशयन म्हणतात. पण ही होती मुक्कामाची सोय. वैद्याच्या दारापर्यंत रुग्ण आणायचा कसा, हा प्रश्न पुढे कित्येक शतके बैलगाडी, बाज, झोळी आणि डोली यांच्यावरच सोपवलेला राहिला. झोळीत माणूस मधोमध वाकतो. सुंभाची बाज सैल असली की कंबर खाली जाते. बैलगाडीत पाठ वाकत नाही, पण प्रत्येक दगड अंगाला कळतो.

हा प्रश्न पुण्याचे नाव लावणाऱ्या एका फौजेला इराकच्या वाळवंटात फार महाग पडला. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन. तिच्यात 103री मराठा, 110वी मराठा आणि 117वी मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज टायग्रिसच्या काठाने वर सरकत बगदादच्या जवळ आली, आणि 22 नोव्हेंबर 1915 पासून टेसिफोनला तुर्कांशी तिची गाठ पडली. दोन-तीन दिवसांत तिचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. बगदाद हाती आले नाही. माघार घ्यायची वेळ आली, आणि जखमींना नदीपर्यंत न्यायला चाकांच्या रुग्णवाहिका फौजेजवळ नव्हत्या.

होत्या त्या मालवाहू गाड्या. लोखंडी सांगाडा, दोन चाके, पुढे खेचरे, स्प्रिंग नावाला नाही. दाणा आणि दारूगोळा वाहण्यासाठी केलेल्या या गाड्यांत मांडी मोडलेले, पोटात गोळी लागलेले, पाठीत तुकडा घुसलेले शिपाई एकमेकांशेजारी टाकले गेले. वाळूच्या ढेकळांवरून, कोरड्या पाटचाऱ्यांवरून त्या गाड्या लाज नावाच्या नदीकाठच्या ठिकाणी आल्या. तिथून गर्दीने भरलेल्या बोटींत बसऱ्यापर्यंतचे दिवसचे दिवस. ‘मेजिदिया’ नावाची एक बोट बसऱ्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर तिथे हजर होते. जखमी आपल्याच मलमूत्रात पडलेले त्यांनी पाहिले आणि वरिष्ठांकडे तक्रार केली. वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली.

पण हे प्रकरण दडपता आले नाही. चौकशीसाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाने 1917 मध्ये अहवाल दिला. त्यात जखमींच्या वाहतुकीची ही कहाणी जशीच्या तशी आली, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. मोडलेल्या माणसाची वाहतूक हा शस्त्रक्रियेइतकाच वैद्यकाचा भाग आहे, आणि तो न सांभाळल्यास मंत्री पडतो, एवढे या अहवालाने कागदावर आणले. त्याच वर्षी मुंबईत जखमी हिंदी शिपायांना हुन्नर शिकवून पायावर उभे करण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुढे खडकीला आली आणि आजही तिथे आहे.

तरी ज्याचा मज्जारज्जूच गेला, त्याला या सगळ्याचा उपयोग फारसा नव्हता. पहिल्या महायुद्धात अशा दर पाच जखमींपैकी सुमारे चार पहिल्या काही आठवड्यांतच दगावले, असा तेव्हाच्या सर्जनांचा हिशेब आहे. मारत असे ते लघवीच्या मार्गातले जंतू आणि एकाच कुशीवर पडून झालेले शय्याव्रण. ज्याला जगायचेच नाही त्याला हळुवार उचलण्याचा आग्रह कोण धरणार? सुरक्षित वाहतुकीची खरी निकड लागण्याआधी हा माणूस जगू शकतो, हे कुणीतरी दाखवून द्यावे लागणार होते.

ते दाखवले लुडविग गुटमन यांनी. ब्रेस्लाऊचे हे ज्यू मज्जाशल्यविशारद नाझींच्या छळामुळे 1939 मध्ये इंग्लंडला आले. 1 फेब्रुवारी 1944 रोजी स्टोक मँडेव्हिल इथल्या इस्पितळात मणक्याच्या जखमींसाठी त्यांचा वॉर्ड उघडला. त्यांचे नियम साधे आणि निर्दय होते. दर दोन तासांनी, दिवस असो वा रात्र, रुग्णाला कूस बदलून द्यायची. प्लास्टरच्या साच्यात जखडून ठेवायचे नाही. मूत्राशयाची काळजी घ्यायची आणि उठता येईल त्या दिवसापासून हात चालवायला लावायचे. हातात धनुष्य देऊन त्यांनी 29 जुलै 1948 रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, 16 जखमी सैनिकांची स्पर्धा घेतली. तिचेच पुढे पॅरालिंपिक झाले.

या धाग्याचे एक टोक सांगली जिल्ह्यात आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई विभागात होते, बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक मणक्याजवळ रुतली, आणि कमरेखालचे अंग गेले. उपचारात पोहणे आले. गुटमन यांनी लावलेल्या झाडाची फांदी 1972 मध्ये जर्मनीत हायडलबर्गला पोहोचली होती. तिथल्या पॅरालिंपिकमध्ये पेटकर यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमध्ये भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. दोन वर्षांनी, 1974 मध्ये, पुण्याजवळ खडकीला मणक्याच्या जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. आता मणका मोडलेला माणूस जगत होता, घर चालवत होता, पदके आणत होता. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. अपघाताच्या जागेपासून इस्पितळापर्यंतच्या प्रवासात त्याचे आणखी काय बिघडते?

हा प्रश्न विचारण्यात अमेरिका पुढे होती, कारण तिथे मोटारी सर्वांत जास्त होत्या. महायुद्धानंतर हमरस्ते रुंद झाले, वेग वाढला. जखमींना न्यायला मात्र बहुतेक गावांत शववाहिका चालवणाऱ्या संस्थेचीच गाडी यायची, कारण माणूस आडवा झोपवता येईल अशी लांब गाडी तिच्याकडेच असायची. शिकागोतले शल्यविशारद जे. डी. फॅरिंग्टन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस अग्निशमन दलाच्या जवानांना जखमी कसा उचलायचा याचे धडे द्यायला सुरुवात केली. 1966 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग आहे, असे सांगणारा अहवाल काढला. 1968 मध्ये फॅरिंग्टन यांनी चेपलेल्या मोटारीतून जखमी बाहेर काढण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. आधी मान धरायची, मग पाठीमागे आखूड फळी सरकवायची, मग लांब फळीवर घसरवत आडवे करायचे. फळ्या प्लायवूडच्या होत्या. कुठल्याही सुताराकडून करून घ्याव्यात, इतक्या साध्या.

याच सुमारास, 1966 मध्ये, टोरांटोच्या डॉक्टरांनी 29 रुग्णांची हकिकत मांडली. या रुग्णांचा लुळेपणा अपघातानंतर लगेच आला नव्हता, काही वेळाने आला किंवा वाढला. मोडलेला मणका वेळीच न ओळखल्याने आणि चुकीच्या हाताळणीने हे झाले, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. तुलनेला दुसरा गट त्यात नव्हता. तरी एवढ्यावर वैद्यकात एक ठाम समजूत रुजली, की अपघात झाला, मार मोठा दिसला, तर माणूस फळीवर. शुद्धीत असो, चालत आलेला असो, मान दुखत नाही म्हणत असो. चुकून एखाद्याचा रज्जू तुटण्यापेक्षा हजार जणांना विनाकारण बांधलेले बरे. ही भीती डॉक्टरी होती तशी वकिलीही होती. फळी वापरली नाही म्हणून खटला होऊ शकत होता, वापरली म्हणून कोणी कोर्टात ओढत नव्हते. पाठ्यपुस्तकांतून, प्रशिक्षणांतून आणि रुग्णवाहिकांच्या साहित्ययाद्यांतून ही फळी जगभर गेली. त्या याद्यांच्या वाटेनेच ती आपल्याकडे आली.

शंका उठली ती अगदी साध्या निरीक्षणातून. निरोगी स्वयंसेवकांना अर्धा तास फळीवर बांधून ठेवले, तर त्यांचेही डोके, माकडहाड आणि पाठ दुखू लागली. म्हणजे धडधाकट माणसालाही जी फळी दुखवते, तीवरच जखमीची पाठ दुखतेय की नाही हे तपासायचे! कडक फळीवर कण्याचा नैसर्गिक बाक अधांतरी राहतो. छाती आवळल्याने श्वास तोकडा होतो. उताणा बांधलेला माणूस ओकला तर ओकारी घशात जाते. घट्ट कॉलरने मानेच्या शिरा दाबून मेंदूवरचा दाब वाढतो. आणि ज्याला पाठीखालचे कळतच नाही, त्याच्या कातडीवर तास-दोन तासांत शय्याव्रणाची सुरुवात होते. गुटमन यांनी ज्याच्याशी उभा जन्म लढाई केली, तोच शत्रू रुग्णवाहिकेत चढून बसला होता.

1998 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या मार्क हाउसवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्याने या धंद्यातल्या लोकांची झोप उडवली. त्यांनी पाच वर्षांतले मणका मोडलेले रुग्ण दोन ठिकाणांहून घेतले. न्यू मेक्सिकोतले 334, सगळे फळी-कॉलरमध्ये बांधून आणलेले. मलेशियात क्वालालंपूरच्या विद्यापीठ इस्पितळातले 120, त्यांतला एकही बांधून आणलेला नव्हता. मज्जारज्जूच्या इजेने अपंगत्व आलेले मलेशियात सुमारे 11 टक्के निघाले, अमेरिकेत 21 टक्के. हाउसवाल्ड यांचा युक्तिवाद असा होता की मणका मोडायला जी ताकद लागते ती प्रचंड असते. जे व्हायचे ते त्या क्षणी होऊन जाते, त्यापुढे गाडीतली थोडी हालचाल किरकोळ. नंतर वाढणारा लुळेपणा बहुधा सुजेमुळे, रक्तदाब पडल्यामुळे आणि प्राणवायू कमी पडल्यामुळे येतो.

या अभ्यासाला मर्यादा होत्या. नोंदी मागे वळून पाहिलेल्या, संख्या लहान, दोन देशांतले अपघात वेगळ्या धाटणीचे, आणि वाटेतच दगावलेले हिशेबाबाहेर. त्यातून बांधूच नये, असे सिद्ध होत नव्हते. पण बांधल्याने निश्चित फायदा होतो हे कुणी कधी सिद्ध केले होते, या उलट्या प्रश्नालाही उत्तर मिळेना. 2001 मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरचे संशोधन चाळले, तेव्हा या उपचाराची नीट तुलना करणारा एकही प्रयोग हाती लागला नाही. 2010 मध्ये गोळी किंवा भोसकल्याच्या जखमा झालेल्या 45,284 अमेरिकन रुग्णांचा हिशेब आला. त्यात बांधून आणलेल्यांतले 14.7 टक्के दगावले होते, न बांधलेल्यांतले 7.2 टक्के. पट्ट्या आवळण्यात गेलेली मिनिटे रक्तस्राव थांबवण्याची मिनिटे होती.

दुसरीकडे नेमके कोणाला जपायचे, हे ठरवायच्या कसोट्या तयार झाल्या. 2000 मध्ये अमेरिकेतल्या नेक्सस अभ्यासाने 34,069 जखमी तपासले. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या इयन स्टील यांनी 8,924 रुग्णांवरून मानेसाठी नियम बांधला. मानेच्या मधोमध दाबल्यावर दुखते का, हातापायाला मुंग्या-बधिरपणा आहे का, माणूस शुद्धीवर आहे का, नशेत आहे का, मान दोन्ही बाजूंना वळते का, असे हाताने तपासता येणारे हे प्रश्न. त्यांवर बहुतेकांना बांधावेच लागत नाही असे दिसले. मग आले 2013 चे निवेदन. 2018 मध्ये त्याच संघटनांनी शब्दरचनाही बदलली. आता कणा जखडून ठेवण्याऐवजी त्याच्या हालचालीला आवर घालावा, असे म्हटले गेले. फळी, दोन भागांत उघडून दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवायचे स्कूप स्ट्रेचर, हवा काढून अंगासारखी घट्ट होणारी गादी, किंवा रुग्णवाहिकेचे साधे स्ट्रेचर, यांतले काहीही चालेल. जखमीला उचलायला फळी वापरा, पण तो गादीवर आला की फळी काढून घ्या.

आता सणसरकडे येऊ.

गाव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले. कालव्याने ऊस आला, उसाने शेजारी भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आला, पलीकडे वालचंदनगर उभे राहिले. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दिवसरात्र चालतात. बीड-नगरकडून आलेली तोडणी कामगारांची कुटुंबे उसाच्या मोळ्यांवर बसून जातात. आषाढात हाच रस्ता तुकोबारायांच्या पालखीचा. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण झाले की पालखी सणसरला मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीला अश्वाचे गोल रिंगण होते. दिंड्यांचे ट्रक, टपापर्यंत भरलेले सामान आणि सामानावर बसलेली माणसे मागेपुढे चालत असतात. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. आता तो राष्ट्रीय महामार्ग 965 जी आहे. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, हे शिकागोच्या फॅरिंग्टन यांना जितके ठाऊक होते तितकेच सणसर फाट्यावरच्या चहावाल्यालाही आहे.

या भागात मणका मोडायचे निमित्त मोटारच लागते असे नाही. चालत्या ट्रॉलीवरून मागे पडणे, चिंचेच्या झाडावरून किंवा विहिरीच्या कठड्यावरून खाली जाणे, घराच्या स्लॅबवरून पाय घसरणे, हेच पुरते. 25 जुलै 2022 रोजी याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात बारामतीहून उडालेले शिकाऊ विमान कोसळले. वैमानिक तरुणीच्या मदतीला आधी धावले ते आसपासचे शेतकरीच. विमान असो की बैलगाडी, इथे जखमीला पहिला हात लावतो तो गावकरी. सगळा इतिहास शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबतो.

या गावकऱ्याचा हात बरीच वर्षे भीतीने आखडलेला होता. उचलले तर पोलीस चौकशी, साक्षी, इस्पितळात पैशांची मागणी. जखमीवर तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्येच सांगितले होते. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, याच्या मार्गदर्शक सूचनांवर न्यायालयाने 2016 मध्ये शिक्कामोर्तब केले. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम 134 अ आले आणि मदतनीसाला कायद्याचे संरक्षण मिळाले. आखडलेला हात मोकळा झाला. आता प्रश्न उरतो तो हाताने करायचे काय याचा.

इथे फळीच्या इतिहासाने शिकवलेले कामी येते. पहिले शहाणपण म्हणजे घाई न करणे. गाडी पेटली असेल, माणूस कालव्याच्या पाण्यात असेल, मागून वाहने अंगावर येत असतील किंवा श्वास बंद झाला असेल, तरच त्याला लगेच हलवावे. अशा वेळी काखेत हात घालून, डोके दोन्ही कोपरांमध्ये धरून, अंगाच्या लांबीच्या रेषेतच मागे ओढावे. बाकी वेळी 108 ला फोन, मागच्या वाहनांना इशारा, रक्त वाहत असेल तिथे घट्ट दाब, आणि एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे तसे धरून ठेवणे. ‘हलू नका, आम्ही आहोत,’ एवढे सतत बोलत राहायचे. उठवून बसवायचे नाही, पाणी पाजायचे नाही, चालून बघ म्हणायचे नाही. मुंग्या येताहेत, पाय जड झालाय, असे तो म्हणाला तर ते लक्षात ठेवून डॉक्टरला सांगायचे.

दुसरे म्हणजे श्वास कण्याच्या वरचा. माणूस ओकू लागला किंवा घशात घरघर झाली, तर मणक्याच्या भीतीने त्याला उताणा ठेवून गुदमरू द्यायचे नाही. तीन-चार जणांनी खांदा, कंबर आणि पाय एका वेळी धरून, डोके धरणाऱ्याच्या शब्दावर, पूर्ण अंग ओंडक्यासारखे एकत्र कुशीवर वळवायचे. टेसिफोनच्या गाड्यांत आणि आवळलेल्या फळीवरही जी माणसे गेली, त्यांतल्या कितीतरींना कण्याआधी श्वासाने, रक्ताने आणि जखमेतल्या विषाने मारले. हा क्रम शतकभरात बदललेला नाही.

तिसरे म्हणजे रुग्णवाहिका येणारच नसेल, तर नेण्याची पद्धत. या भागात नजरेस पडते ती सगळ्यांत वाईट पद्धत म्हणजे मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये जखमीला बसवून नेणे. मान मागे लोंबते, कंबर दुमडते. रिक्षात मागच्या सीटवर कोंबणे तिच्याच जातीचे. हात आणि पाय धरून झोका देत उचलणेही तसेच. त्यापेक्षा दार, लाकडी पलंगाची फळी, कारखान्याच्या आवारातला प्लायवूडचा तुकडा, असे सपाट काहीही चालते. पाच-सहा जण लागतात. डोके धरणारा सांगेल तेव्हाच सगळ्यांनी उचलायचे, आणि तो सांगेल तेव्हाच ठेवायचे. नाक, बेंबी आणि पायांचे अंगठे एका सरळ रेषेत राहिले पाहिजेत, एवढी एक खूण पुरे. पालखी खांद्यावर घेणाऱ्यांना हे निराळे शिकवावे लागत नाही. पुढच्याचा पाय चुकला की मागच्याच्या खांद्याला हिसका बसतो, हे त्यांना अंगाने ठाऊक असते. उपरणे, ओढणी, साडीचा तुकडा घेऊन छाती, कंबर आणि पाय सैलसर बांधावेत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना घडी केलेले कपडे लावावेत. पिकअपच्या हौद्यात फळी घट्ट बसवावी, आणि ड्रायव्हरने वेगापेक्षा खड्डे सांभाळावेत. बाज घेतलीच तर तिच्यावर आधी फळी टाकावी.

आणि चौथी गोष्ट आहे अंतराची. सणसरहून बारामती जवळ. तिथे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि 2019 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा पुढे पुणे गाठावे लागते. तो रस्ता शंभर किलोमीटरचा, म्हणजे वाहतूक सुरळीत असली तरी दोन-अडीच तासांचा. थोड्या वेळाच्या फेरीसाठी आखलेली शिकवण इथे तशीच उचलली, तर जखमी तासन्‌तास कडक प्लास्टिकवर पडून राहील. म्हणून 2013 च्या निवेदनाचा खरा उपयोग अमेरिकेपेक्षा आपल्याला जास्त आहे. बारामतीत फळी काढा, गादीवर घ्या, पाठीखाली हात घालून घडी-सुरकुती काढा, लघवीची सोय करा, रक्तदाब सांभाळा आणि मग पुण्याला पाठवा. नातेवाइकांनीही विचारावे, ‘डॉक्टर, फळी अजून खाली आहे का?’ हा प्रश्न उद्धट नाही. शय्याव्रण भरायला महिने लागतात, तो न होऊ द्यायला एक प्रश्न पुरतो.

तर फळीने आम्हाला शिळे ज्ञान दिले का? मला वाटते, फळीने दिली ती एक शिस्त. मोडलेला माणूस एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून आणि एकाच्या शब्दावर उचलायचा, ही ती शिस्त. फळी पुराव्याच्या कसोटीला उतरली नाही. तिच्यामुळे आलेली ही शिस्त मात्र नव्या निवेदनांनीही सोडलेली नाही. चूक झाली ती वस्तूला उपचार समजण्यात. फळी उचलायची वस्तू आहे, झोपवायची नव्हे.

हे शिकायला इस्पितळ लागत नाही, तासाभराचा सराव लागतो. गळीत सुरू होण्याआधी कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टरचालक आणि मुकादम, आषाढाच्या आधी दिंड्यांचे चालक आणि ट्रकवाले, शाळेत नववी-दहावीची मुले, ग्रामपंचायतीत आशा सेविका, अशा सगळ्यांकडून 108 च्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा खरी माणसे उचलून घ्यावीत. मेसोपोटेमियात हजारो शिपायांच्या मोबदल्यात सरकारला जे उमगले, आणि शिकागोपासून क्वालालंपूरपर्यंत जे तपासून, चुकवून, पुन्हा दुरुस्त करून हाती आले, ते आता सणसरच्या रस्त्यावरच्या कुणालाही शिकता येण्याइतके सोपे झाले आहे. पहिली मिनिटे त्याच्याच हातात असतात. ती कोणत्याही डॉक्टरच्या हातात कधीच नव्हती.